एक्याऐंशी किलोच्या वर

हेवीवेटची लढत काका आवाज बंद करून बघत. देवासला मी त्यांच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षं भाड्याने राहिलो. अमेरिकेत शनिवारची रात्र असते तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ झालेली असते. काकू खालून हाक मारायच्या, मी पोह्यांच्या ताटल्या वर आणायचो, लॅपटॉप लावायचो, आणि काका पहिलं काम करायचे ते म्हणजे आवाज शून्यावर आणायचा.

"हे कोट घातलेले लोक पोत्याला वाघ म्हणतात," ते सांगायचे. "कानाने बॉक्सिंग बघायची नसते."

मग माझ्या खोलीत फक्त त्यांच्या श्वासाचा आवाज. नाक फार पूर्वी मोडलं होतं, त्यामुळे श्वास शिट्टीसारखा यायचा. लढत रंगली की शिट्टी थांबायची. लढत संपली की ते ताटली उचलायचे आणि गार झालेले पोहे खाता खाता निकाल द्यायचे. त्यांच्या निकालाचा पंचांच्या निकालाशी संबंध नसे. आज जो जिंकला तो पन्नास वर्षांपूर्वीच्या कुणासमोर कितव्या राउंडपर्यंत टिकला असता, एवढंच ते सांगत.

"लोहारासमोर पाचवा. भिंगरीसमोर पूर्ण टिकेल, पण एकही राउंड मिळणार नाही."

लोहार, भिंगरी, खांब, म्हातारा बैल ही सगळी जगज्जेत्यांची नावं. खरी नावं काका घेत नसत. नाव घेतलं की माणूस आहे त्याहून मोठा वाटायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. कोणाचं नाव काय ते कळायला मला पहिलं वर्ष लागलं.

घराणं जीनगरांचं. दरबाराबरोबर दक्षिणेतून माळव्यात आलेलं, घोड्यांची खोगिरं शिवणारं. स्वारीचे घोडे गेले तशा टांग्यांच्या गाद्या आल्या, टांगे गेले तशा मोटारसायकली. बस स्टँडच्या मागे काकांचं सीट कव्हरचं दुकान होतं. सहा फुटांवर उंची, सत्तरी उलटलेली, आणि पंजे एवढे मोठे की दाभण त्यांत दिसतच नसे. रेक्झिनमधून दोरा आपोआप वर येतोय असं वाटायचं. दुकानाच्या आतल्या भिंतीवर त्यांनी काळ्या रेक्झिनचा एक सबंध ताव ठोकला होता आणि त्यावर शिंपीखडूने रकाने आखले होते. एकेका जमान्याचा एकेक रकाना. गिऱ्हाइकांना वाटायचं, कोणाच्या गाडीची सीट कधी मिळणार ते लिहिलंय. एकदा दूधवाल्याने विचारलं, "भिया, इसमें मेरा नंबर किधर है?" काका म्हणाले, "तू अजून इतका मोठा झाला नाहीस."

रकान्यांत जेते नसायचे. हे बरेच दिवस माझ्या लक्षात आलं नव्हतं. काका लिहायचे ती हरलेली माणसं.

"जिंकलेल्याला काय मोजायचं?" ते म्हणाले. "तो तर कोणीतरी असतोच. प्रत्येक जमान्यात एक पट्टा आहे आणि एक कंबर आहे. समोर किती उभे राहू शकत होते ते मोज. सत्तरच्या जमान्यात बघ, तिसऱ्या-चौथ्या नंबरचा माणूससुद्धा असा होता की आज त्याला जगाचा राजा केला असता. त्याच्या आधी एक जमाना असा गेला की एकच खरा, बाकी पोती. तो वर्षानुवर्षं पोती फोडत राहिला."

"आणि आजचा?"

"आजची विहीर रुंद आहे. पाणी कमरेइतकं."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जिम होती. तिचा मालक तिशीतला, मराठीच, पण शाळा सगळी हिंदीत झालेली. मराठी पाटी वाचताना त्याला अडखळायला व्हायचं. काकांशी वाद घालायला तो मुद्दाम दुकानात यायचा.

"काका, आजचा माणूस बघा ना. साडेसहा फूट, एक सौ पंधरा किलो. तुमचे जुने वाले तर आजच्या हिशोबात हेवीवेटच नाही. एक मुक्का, बस, सब खतम."

"मुक्का लागायला तर पाहिजे, भिया. यांना बारा राउंड आहेत तरी आठव्यात तोंड उघडतात. ते पंधरा लढायचे. एका वर्षात चार-चार वेळा लढायचे. हे वर्षातून एकदा उगवतात, लग्नाच्या वाढदिवसासारखे."

"पण वजन, काका! वजन का कुछ तो होता है."

"होतं," काका म्हणायचे आणि दाभण रेक्झिनमध्ये घालायचे. वजनावर आले की ते वाद सोडून देत. आपण जिंकलो असं जिमवाल्याला वाटायचं आणि तो खूश होऊन जायचा.

काका स्वतः राज्याचे हेवीवेट चॅम्पियन होते, लागोपाठ तीन वर्षं, हे मला काकूंकडून कळलं. त्या भाजी निवडत होत्या. "आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या भावांच्या हनुवट्या बघत बसले होते," त्या म्हणाल्या. "मला बघितलंच नाही. नंतर मला म्हणाले, थोरल्याची हनुवटी काचेची आहे." बाजारात लोक काकांना पहेलवान म्हणायचे, ते मात्र त्यांना खपत नसे.

त्या तीन वर्षांबद्दल मी विचारलं तेव्हा काकांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. तसं ते कधी करत नसत.

"तीन वर्षं, तीन फायनली. तिन्ही एकाच माणसाशी. आमच्या वजनात राज्यात दोनच जण होते, मी आणि तो. तेव्हा एक्याऐंशी किलोच्या वर कोण असायचं रे आपल्याकडे? हलवाई आणि ठाणेदार. ते काय रिंगमध्ये येतात?"

"मग तो कोण होता?"

"गंधवानीचा. धारच्या खाली, जंगलातला. वसतिगृहात शिकायचा. माझ्याहून बुटका, माझ्याहून बारीक. पण त्याचा डावा!" काकांनी आपल्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला. "दुसऱ्या वर्षी त्या डाव्याने मला एका गुडघ्यावर आणलं. रेफरीने आठपर्यंत मोजलं. आणि तिसऱ्या वर्षी मी त्याला पोटात असा दिला की रिंगमध्येच ओकला. तसा ठोसा मी पुन्हा कधी मारला नाही. एकदाच जमला."

मग ते भिंतीकडे बघून म्हणाले, "दोन माणसांचा डिव्हिजन खरा की खोटा, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. पण दुसरा खरा होता. म्हणून पहिलाही खरा, असं मी धरतो."

तेव्हा मी पाहिलं. रेक्झिनच्या अगदी उजव्या टोकाला एक अरुंद रकाना होता आणि त्यात एकच शब्द होता: गंधवानी. बाकीचा खडू कधी पुसला जायचा, कधी नवा व्हायचा. तो शब्द दर दिवाळीला गिरवला जायचा.

माझं काम लसींचे फ्रीज दुरुस्त करण्याचं. सरकारी दवाखान्यांत लसी ठेवायचे फ्रीज असतात, ते बिघडले की मला जावं लागतं. देवास जिल्ह्यात कन्नौदपर्यंत, आणि धार जिल्ह्यातही डही, गंधवानी हा सगळा भाग माझ्याकडे होता. काकांना हे माहीत होतं. गंधवानीला निघालो की ते म्हणायचे, "विचार जरा. असेल तर असेल."

मी चार-पाच वेळा विचारायचं विसरलो. एकदा आठवण झाली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी लगेच सांगितलं, "वो मुक्केबाज बाबा? उनकी दवा तो यहीं से जाती है."

घर रस्त्यापासून थोडं आत होतं, ताडाच्या चार झाडांपाशी. अंगणात खाटेवर एक म्हातारा उन्हात बसला होता. उंच म्हणता आला असता, पण खांदे अरुंद, मनगटं बारीक. दोन्ही हात मांडीवर ठेवलेले आणि सारखे थरथरत. डोळ्यांत हसू होतं, बोलणं जड, शब्द एकमेकांना चिकटलेले. त्याच्या बायकोने मला पाणी दिलं. मी देवासहून आलोय, तिथल्या चॅम्पियनच्या घरी राहतो, असं सांगितल्यावर ती मला चुलीच्या बाजूला घेऊन गेली.

"ये हेवी था ही नहीं, साब," ती हळू आवाजात म्हणाली. "चौहत्तर किलो का था. खेल वाले सर ने बोला, उधर एक मोटा लड़का है, उसके सामने कोई नहीं है. सामने कोई नहीं होगा तो कुश्ती-मुक्की क्या होगी? तू खड़ा हो जा, तेरे को चौकीदार की नौकरी लगवा दूँगा. तोल के दिन सुबह से पानी पिलाते थे. दो दर्जन केले खिलाते थे. फिर भी कम पड़ता तो सर अपना पाँव काँटे पे रख देते थे."

"नोकरी मिळाली?" मी मराठीतच विचारून बसलो. तिला समजलं.

"मिली. पर बाद में हाथ काँपने लगे, रास्ता भूलने लगा. छुड़वा दी."

त्या संध्याकाळी देवासला परतलो. काका ओट्यावर बसले होते. "मिळाला?"

"नाही," मी म्हणालो. "तिथून कुठे निघून गेलाय म्हणे."

हे का बोललो? त्या वेळी मला वाटलं, मी दया करतोय. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या भिंतीवरचा एक शब्द कशाला पुसायचा. आज वाटतं, त्या चेहऱ्याकडे बघत खरं बोलायची माझीच छाती झाली नाही.

चार महिने गेले. मग एका रविवारी अशी लढत झाली की एका बुटक्या, तुलनेने हलक्या माणसाने आपल्याहून वीतभर उंच माणसाला बारा राउंड नाचवून हरवलं. काकांची शिट्टी जवळजवळ तासभर बंद होती. लढत संपली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"बघितलंस? हाच! अगदी हाच! हलका, पण आत घुसून डावा मारायचा. गंधवानी असाच होता." ते पोहे विसरले. "मी चूक होतो रे. आजची विहीर उथळ नाही. असा एक जरी असला तरी जमाना खरा."

त्याच आठवड्यात मला गंधवानीचं काम निघालं आणि काका माझ्या आधी गाडीत जाऊन बसले. तो सापडला नाही तरी त्याचं गाव बघायचं होतं. मांडीवर एक गोल उशी होती, लाल रेक्झिनची, काठाला दुहेरी शिवण. "त्याच्या घरचं कोणी असेल तर देऊ." धारपर्यंत त्यांनी मला त्या तिन्ही फायनली पुन्हा सांगितल्या. धारला चहा प्यायला थांबलो तेव्हा सांगून टाकावं असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी पैसे देऊन गाडीत येऊन बसलो.

दवाखान्यात त्यांनी स्वतःच विचारलं, आणि नर्सबाईंनी माझ्याकडे बोट करून म्हटलं, "इनको तो घर मालूम है." काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि गाडीत जाऊन बसले. त्यांना पोहोचायची घाई होती.

म्हाताऱ्याने त्यांना ओळखायला एक क्षणही लावला नाही. ज्याला स्वतःच्या घराचा रस्ता आठवत नव्हता तो खाटेवरून उठायला धडपडला आणि ओरडला, "चैंपियन! चैंपियन आया!" त्याने काकांचे दोन्ही हात धरले. घरातल्यांना, शेजाऱ्यांना हाका मारून तो सांगत होता, "ये है वो. इसी ने मारा था मेरे को. तीन बार!" एवढा अभिमान मी कोणाच्या तोंडावर पाहिला नव्हता.

बायकोने पळसाच्या पानात मक्याचे पानिये भाजले, डाळ केली. जेवताना, काकांनी आणलेल्या उशीवर बसल्या बसल्या, त्याला जुन्या गोष्टी आठवायला लागल्या. शब्द जड होते, पण गोष्ट सरळ होती.

"और वो केले! याद है, चैंपियन? तीसरी बार तो सर ने ढाई दर्जन खिला दिए. ऊपर से बाल्टी भर पानी. काँटे पे चढ़ा तो सर का पाँव भी साथ में चढ़ा." तो हसत होता, डाळ हनुवटीवर ओघळत होती. "रिंग में घंटी बजी, और मेरे पेट में तो पूरी बाड़ी थी केले की. तूने जरा सा छुआ, और सब बाहर!"

सगळे हसले. काकाही हसले. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

"केले?" काकांनी विचारलं.

"हाँ रे. मैं तो चौहत्तर का था. तेरे को नहीं मालूम था?"

"मालूम था, मालूम था," काका म्हणाले आणि त्यांनी त्याच्या हनुवटीवरची डाळ आपल्या रुमालाने पुसली.

परतताना धार मागे पडली. मग काका म्हणाले, "तुला ठाऊक होतं."

"हो."

"कधीपासून?"

"चार महिने."

"म्हणजे त्या रविवारी मी तुझ्यासमोर नाचत होतो आणि तुला ठाऊक होतं." नाकाची शिट्टी चालू होती. "मी ब्याण्णव किलोचा होतो रे. तेव्हा डोक्याला टोप नसायचे. तीन फायनलींत मी त्याच्या डोक्यावर एकेचाळीस मारले. मोजलेत मी. वहीत आहेत. मोठ्या हौसेने लिहून ठेवले होते."

धारच्या एका डॉक्टरकडे काकांनी त्याला पुढच्या महिन्यात नेलं. गाडी माझीच होती. डॉक्टर म्हणाले, हे डोक्याला मार लागून होतं, पण वयानेही होतं, कशानेही होतं, आज सांगता येणार नाही. काकांनी विचारलं, "एकेचाळीस ठोशांनी होईल?" डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं.

रविवारच्या लढती बंद झाल्या. मी एकदा वर बोलावलं तर म्हणाले, "तू बघ." दुकानातला रेक्झिनचा ताव त्यांनी उतरवला आणि कापून कोणाच्या तरी स्कूटरला लावला. दर पंधरा दिवसांनी मात्र ते देवास-इंदूर, इंदूर-धार, धार-गंधवानी अशा तीन बसगाड्या बदलून जात आणि त्याच्याजवळ दुपारभर बसून परत येत. तिथे काय बोलता, असं मी विचारलं. "तो बोलतो," ते म्हणाले. "मला चॅम्पियन म्हणून हाक मारतो. मी ओ देतो."

ते असंच चाललं असतं तरी पुष्कळ झालं असतं. पण जिमवाल्याने एका मॅरेज गार्डनमध्ये बॉक्सिंगच्या स्पर्धा भरवल्या आणि काकांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. काका एका अटीवर तयार झाले: वजन ते घेणार.

सकाळपासून ते काट्याजवळ उभे होते. प्रत्येकाला दोनदा चढवत होते, खिसे उलटे करायला लावत होते, काट्याच्या आसपास कोणाला फिरकू देत नव्हते. हेवीवेटमध्ये नाव एकाचंच आलं. कन्नौदचा, मंडीत पोती उचलणारा, बावीस-तेवीस वर्षांचा, अंगाने नुसता डोंगर. पहाटेच्या बसने आला होता. बरोबर आई आणि दोन भाऊ, बघायला.

जिमवाला म्हणाला, "काका, एक अठहत्तरवाला तयार आहे. दोन राउंडची दोस्ताना लढत करून टाकू. पब्लिकला पण मजा येईल."

"नाही."

"अहो, तो स्वतःच तयार आहे ना!"

"तो तयारच असतो," काका म्हणाले. "एकटा आहे तर एकटाच राहू दे. मेडल देऊन टाक."

कन्नौदचा तो मुलगा हातांना पट्ट्या बांधून तयार बसला होता. त्याला सांगितलं तेव्हा तो उठून काकांसमोर आला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो रडवेला झाला होता. "माँ को लाया हूँ मैं, काका. आपकी तो तीन-तीन हो गई थी. मेरी एक तो हो जाने देते." काकांनी मेडल त्याच्यापुढे केलं. तो मेडल न घेता निघून गेला.

त्यानंतर तासाभराने सत्कार होता. त्यांना शाल घातली. "तीन बार के हेवीवेट चैंपियन," असं जिमवाला तीनदा म्हणाला आणि माइक त्यांच्या हातात दिला. मी पहिल्या रांगेत होतो. त्या मुलाची आई ज्या खुर्चीवर बसली होती त्या रिकाम्या खुर्चीकडे काका बघत होते.

"मी हेवीवेट होतो," ते म्हणाले. मग लोकांसाठी हिंदीत आले. "चैंपियन नहीं था. सामने कोई नहीं था." आणि माइक खाली ठेवून उतरले.

लोकांना ती नम्रता वाटली. टाळ्या खूप पडल्या. दुसऱ्या दिवशी हिंदी पेपरमध्ये फोटो आला, आणि वर मोठ्या अक्षरांत तेच: तीन बार के चैंपियन बोले, सामने कोई नहीं था. पेपर धारकडेही जातो, हे आमच्या कोणाच्या मनात आलं नाही.

पुढच्या खेपेला मला त्या बाजूला काम होतं म्हणून आम्ही बरोबर गेलो. खाट अंगणात नव्हती. बायको दारात उभी होती आणि बाजूला झाली नाही.

"पेपर आया था," ती काकांना म्हणाली. "पड़ोस के मास्टर ने पढ़ के सुनाया. तुम्हारा फोटो देख के ये इतना खुश हुआ. बोला, पढ़ो, मेरा नाम भी होगा." तिने आत खाटेकडे बोट केलं. "सामने कोई नहीं था, तो ये कौन था?"

आत खाटेवर तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. काका तिच्या बाजूने आत गेले, खाटेजवळ उकिडवे बसले. एवढं मोठं शरीर, गुडघे कडकड वाजले. "सुन," ते म्हणाले. "सुन तो सही. मेरा मतलब वो नहीं था."

त्याने मान वळवली नाही. तसाच म्हणाला, "सामने मैं था."

"हाँ. तू ही था."

"सामने मैं था," तो पुन्हा म्हणाला, भिंतीला सांगितल्यासारखा.

त्यानंतर काका आणखी तीनदा गेले, एकटेच, बसने. चौथ्या वेळी निघायच्या आधीच नर्सबाईंचा मला फोन आला. होळीच्या आठवड्यात तो गेला होता. काका पोहोचले तोपर्यंत सगळं आटोपलं होतं. बायकोने त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. रागाचा एक शब्द बोलली नाही. काकांना तेच सहन झालं नाही, असं काकू म्हणाल्या.

माझी बदली झाली. यंदा देवासला गेलो तेव्हा त्यांना भेटायला मुद्दाम दुपार काढली. दुकान बंद केलंय. ओट्यावर बसले होते, पंजे मांडीवर, बरेच उतरलेले. माझी चौकशी केली, नव्या गावातलं पाणी कसं आहे ते विचारलं. आजकाल हेवीवेटमध्ये कोण आहे, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मग स्वतःच सुरू झाले.

"मला म्हणायचं होतं, माझ्या वजनाचं समोर कोणी नव्हतं. 'माझ्या वजनाचं.' दोनच शब्द. माइकवर आलेच नाहीत."

"त्याला सांगितलंत ना नंतर?"

"सांगितलं. तिन्ही वेळा सांगितलं. हिंदीत सांगितलं, हाताने काटा दाखवून सांगितलं. तो ऐकायचा आणि म्हणायचा, पर मैं था ना." काकांनी आपले पंजे उलटे करून पाहिले. "त्याला समजत नव्हतं रे. समजायला डोक्यात थोडी जागा लागते. तेवढी मी ठेवली नव्हती."